डोळ्यांवर आणि मनावर भरोसा ठेवायचा तरी कसा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नागपुरातल्या, धंतोलीतल्या रविवारच्या कट्ट्यावर आस्तिक आहेत, नास्तिक आहेत, दीक्षाभूमीला जाणारे आहेत, ताजबागच्या दर्ग्याला जाणारे आहेत, आणि तर्री-पोह्याची प्लेट हातात आली की सगळेच तत्त्वज्ञ होतात. फिरून फिरून तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. उत्तरं माझी आहेत, कट्ट्याची नाहीत. भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा.

समोर दिसतंय ते दिसतंय. त्यात श्रद्धा कुठून आली ताई?

सकाळी चहाचा कप उचलताना कोणी श्रद्धा-बिद्धा आठवत नाही, मान्य. पण कोणी अडवून विचारलं की डोळे खरं सांगतात हे कशावरून, तर काय म्हणाल? हात लावून पाहिलं म्हणाल. मग हात खरं सांगतो हे कशावरून? तर डोळ्यांना तसंच दिसलं म्हणून. म्हणजे दोन साक्षीदार एकमेकांचीच साक्ष काढून राहिले! तिसऱ्याला विचारू म्हणाल तर त्याचं बोलणं ऐकणार कानानेच, आणि बुद्धीने पडताळू म्हणाल तर बुद्धी ठीक चालते की नाही हे पाहायलाही बुद्धीच लागते.

हे आजचं खूळ नाही. साधारण दुसऱ्या शतकात नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने हाच प्रश्न प्रमाणवाद्यांच्या गळ्यात घातला होता, की तुम्ही सगळं प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या खात्रीच्या साधनांनी, सिद्ध करता तर मग प्रमाणं कशाने सिद्ध करता? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्यांना तिसरी लागतील, तिसऱ्यांना चौथी, आणि आपोआप सिद्ध आहेत म्हणाल तर मग बाकीच्यांकडेच पुरावा काहून मागता? (रामटेकला एक टेकडी नागार्जुनाच्याच नावाने ओळखली जाते आणि तिबेटी परंपरा त्याला विदर्भातला मानते, त्यामुळे हा प्रश्न आपण घरचाच समजायला हरकत नाही.)

तर इंद्रियांवरचा भरोसा पुराव्याच्या आधी येतो, नंतर नाही. तो ठेवल्याशिवाय पुरावा गोळाच करता येत नाही. या पुराव्याआधीच्या भरोशाला मी श्रद्धा म्हणते, तुम्हाला शब्द आवडत नसेल तर दुसरा वापरा, माझं काही जात नाही.

म्हणजे सगळंच श्रद्धा? मग बुवा आणि शास्त्रज्ञ एकाच माळेचे मणी झाले!

नाही झाले. हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "पकडलं की नाही" असा भाव असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे यावर शेकडो वर्षं वाद झालाय. वेदांचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणायचे, कुमारिल भट्ट त्यातलं मोठं नाव, की ज्ञान झालं की ते खरं धरूनच चालायचं, खरेपणाचा वेगळा दाखला मागायचा नाही, खोटं म्हणायचं असेल तर मात्र कारण दाखवा. न्यायवाले, म्हणजे न्याय दर्शनाचे तर्कशास्त्री, म्हणायचे असं कसं, खरेपणाही बाहेरूनच कळतो, पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली तर ते पाणी. मला विचाराल तर सुरुवातीला मीमांसक बरोबर आहेत आणि पुढच्या रस्त्याला न्यायवाले. दाखल्यासाठी अडून बसलो तर पहिलं पाऊलच पडणार नाही, आणि पाऊल टाकल्यावर तहान भागली की नाही हे पाहिलंच नाही तर दर उन्हाळ्यात वर्धा रोडवरच्या मृगजळामागे धावत बसू. मोहल्ल्यातला किराणावाला हेच करतो ना, माल उधार देतो पण वहीत लिहून ठेवतो.

शास्त्रज्ञाचा भरोसाही असाच उधारीवर सुरू होतो, फक्त त्याची वही उघडी असते. मे २०२४ च्या शेवटी आठवतं का, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर तापमान चक्क ५६ अंश नोंदलं गेलं आणि दोन तासांत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण जगात नंबर वन झालो! नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. हे कळलं कसं, तर बाकीच्या केंद्रांशी ताडून पाहून. आता मजा बघा, त्या दिवशी उन्हात उभा असलेला कोणीच अंगावरच्या चटक्यावरून सांगू शकला नसता की हे ४५ आहे की ५६, त्वचेला "मेलो आता" एवढंच कळतं. म्हणजे यंत्राची चूक पकडायला इतर यंत्रांवर भरोसा ठेवावा लागला, आणि त्यांचे आकडे वाचायला पुन्हा डोळ्यांवर. भरोसा कुठेच सुटला नाही, फक्त तक्रारीला जागा ठेवली होती. बुवाकडे ती जागा नसते. उतारा लागू पडला तर बुवाची शक्ती, नाही पडला तर तुमचा भाव कमी पडला, दोन्हीकडून बुवाच जिंकतो.

पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं ना?

फसतं की. अजनी स्टेशनात गाडी थांबली असते, शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि आपल्याला वाटतं आपलीच निघाली, मग पलीकडचा खांब जागेवर दिसतो आणि पोटात कसंतरी होतं. कागदावर दोन सारख्या लांबीच्या रेघा काढा, एकीच्या टोकांना बाण आतल्या बाजूला आणि दुसरीला बाहेरच्या, एक लांब दिसतेच. म्युलर-लायरने १८८९ मध्ये दाखवलेला हा भ्रम तुम्ही पट्टीने मोजून घ्या, दहा वेळा मोजा, तरी डोळा ऐकत नाही.

पण फसलो हे कळलं कशावरून? खांब डोळ्यांनीच पाहिला. पट्टी डोळ्यांनीच वाचली. इंद्रियांची चूक पकडायलाही इंद्रियंच लागतात, त्यामुळे "भ्रम होतात, सबब इंद्रियं खोटी" हे म्हणणं स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतं.

खरी परीक्षा वैमानिकाची असते. ढगात शिरलं, क्षितिज दिसेनासं झालं की कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव फसतो, विमान एका बाजूला कललेलं असतं आणि शरीर छातीठोक सांगतं की आपण सरळ चाललोय. अशा वेळी शरीराचं ऐकलं तर विमान गोल गोल फिरत खाली येतं, खूप लोक मेलेत यात. म्हणून त्यांना शिकवतात की अंगाला काय वाटतंय ते सोड, काट्यांवर भरोसा ठेव. आता हा काट्यांवरचा भरोसा त्या क्षणी अनुभवाच्या उलट असतो. पण तो आंधळा नाही, कारण जमिनीवर असताना, डोकं शांत असताना, तपासून ठेवलेला असतो.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, मांत्रिकाने साप उतरवला. मग?

तुमचे डोळे खोटं बोलले असं मी म्हणतच नाही. तुम्ही पाहिलं काय? माणसाला साप चावला, मांत्रिक आला, मंत्र म्हटले, कडुलिंबाचा पाला फिरवला, माणूस उठून बसला. हे सगळं खरं. पण "मंत्राने उठला" हे तुम्ही पाहिलेलं नाही, हे तुम्ही जोडलंय. विदर्भात धामण, कवड्या, असे बिनविषारी सापच भरपूर, आणि विषारी सापसुद्धा कधीकधी दात लावतो पण विष सोडत नाही, त्यामुळे बरेच लोक मंत्राशिवायही उठून बसले असते. मांत्रिकाच्या हातून गेलेल्यांची गोष्ट कोणी चौकात सांगत नाही.

उलट्या बाजूने पहा, हे तर जास्त धोक्याचं आहे. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश बरेचदा दुखतच नाही, सूज नाही, रक्त नाही. माणसाला वाटतं मुंगी चावली असेल, परत झोपतो. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, मग श्वास. म्हणजे इथे अंग प्रामाणिकपणे सांगून राहिलं की "काही नाही झालं", आणि अंगाचंच ऐकलं तर माणूस जातो. त्यात कवड्या आणि मण्यार दोघेही काळपट, दोघांवर पांढरे पट्टे, टॉर्चच्या उजेडात भल्याभल्यांचा घोळ होतो. म्हणून साप ओळखत बसू नका, दुखतंय का विचारत बसू नका, सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही मोहल्ल्यात सांगा.

जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर भरोसा ठेवा, जे त्यावरून जुळवलं त्याला मात्र म्हणा, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

हा भरोसा देवाने दिलाय म्हणूनच टिकतो, असं मी मानतो. चूक आहे का?

चूक म्हणणार नाही, फार मोठी माणसं तुमच्या बाजूने आहेत. फ्रान्सचा तत्त्वज्ञ देकार्त १६४१ मध्ये म्हणाला की एखादा दुष्ट राक्षस मला सगळीकडून फसवत असेल तर? आणि त्यातून तो सुटला तो देव फसवणारा नाही या आधारावर. अडचण त्याच्या काळातच लोकांनी दाखवली, की देव आहे हे तू ज्या बुद्धीने सिद्ध केलंस ती बुद्धी भरवशाची आहे हे तर तुला देवावरूनच कळणार होतं, मग हे गोल गोलच झालं की!

मला त्याच्यापेक्षा अल-गझाली हा मुस्लिम विचारवंत जवळचा वाटतो. तो ११११ मध्ये वारला, म्हणजे देकार्तच्या पाचशेहून जास्त वर्षं आधीचा. तो म्हणाला, तारा डोळ्याला नाण्याएवढा दिसतो आणि गणित सांगतं तो पृथ्वीपेक्षा मोठा, म्हणजे बुद्धीने डोळ्याला खोटं पाडलं, मग बुद्धीला खोटं पाडणारंही वर कोणी असेल तर? या विचाराने तो दोनेक महिने आजारीच पडला. आणि बरा झाला तो युक्तिवादाने नाही, त्याने स्वतः लिहिलंय की देवाने छातीत टाकलेल्या उजेडाने. सिद्ध केलं असं तो म्हणतच नाही, हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

देव न मानणारे इथे स्कॉटलंडच्या ह्यूम या तत्त्वज्ञाकडे जातात. तो म्हणायचा, निसर्गाने आपल्याला विश्वास ठेवायला लावलंय, तर्काला विचारून नाही. आणि त्याचा विरोधक थॉमस रीड, हा पाद्री होता, म्हणाला की इंद्रियं आणि बुद्धी एकाच कारखान्यातून आलीत, मग एकीवर शंका आणि दुसरीवर भरोसा हा कुठला न्याय? कारखाना देवाचा म्हणा की उत्क्रांतीचा, युक्तिवाद बराचसा तोच राहतो. मी स्वतः या भांडणात पडत नाही, देवाशिवाय चहाचा कप उचलता येतो आणि देवासकटही येतो.

बौद्ध धम्मात तर श्रद्धेला जागाच नाही ना? "स्वतः अनुभवून पहा" एवढंच आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा पहा, सुरुवातच काय मानणार नाही इथून आहे. त्यामुळे हा समज होणं साहजिक आहे. पण कालाम नावाच्या लोकांना बुद्धाने काय सांगितलं ते लोक अर्धंच फॉरवर्ड करतात. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच यादीत हेही आहे की नुसत्या तर्काला पटतं म्हणून मानू नका, आणि आपल्या आधीच्या मताशी जुळतं म्हणूनही मानू नका! म्हणजे "मला वाटतं ना, बस" याला तिथे सूट नाही. वागून पहा, त्यातून अपाय होतो की हित होतं ते पहा, आणि जाणते लोक त्याला काय म्हणतात तेही पहा. पण वागून पाहायला आधी पाऊल टाकावं लागतं, आणि तेवढ्यापुरती श्रद्धा बौद्ध परंपरेतही मानलेली आहे, पाली शब्दही सद्धाच आहे.

चार्वाकाचं काय? फक्त प्रत्यक्ष मानायचं, विषय संपला.

"फक्त प्रत्यक्षच खरं" हे वाक्य कोणाला प्रत्यक्ष दिसलंय का? पुढचा प्रश्न.

भावना खऱ्या असतात का? मला आतून भीती वाटते म्हणजे काहीतरी धोका असणारच ना?

भीती खरी. तिने सांगितलेलं कारण खरं असेलच असं नाही.

कॅनडातला एक प्रयोग यासाठी मला नेहमी आठवतो, डटन आणि ॲरन यांचा, १९७४ चा. खोल दरीवरचा हलता झुलता पूल, त्यावरून येणाऱ्या तरुणांना एक मुलगी थांबवून चार प्रश्न विचारते आणि आपला फोन नंबर देते. तेच सगळं दुसऱ्या एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावर. तर झुलत्या पुलावरच्या मुलांनी नंतर फोन जास्त केले. धडधड पुलामुळे होती, पोरांनी ती मुलीच्या खात्यात टाकली. आता धडधड खोटी होती का? अजिबात नाही. छाती जे सांगत होती ते खरं, पत्ता चुकला.

मे महिन्यात रात्री लाइट गेली, कुलर बंद, झोप नाही, आणि सकाळी सासूबाईंचं साधं वाक्यही टोचतं, हाही तोच प्रकार. राग खराच असतो. पण सासूबाईंवर काढायच्या आधी रात्रीचं गणित एकदा मांडून पाहायला काय जातं?

मग "आतला आवाज" ऐकायचाच नाही?

कोणाचा आणि कशाबद्दलचा, त्यावर आहे. कळमन्यातला जुना संत्रा व्यापारी फळ हातात घेतो, जरासं दाबतो, वजन तोलतो आणि म्हणतो हा माल आतून सुकलाय. कारण विचारलं तर धड सांगता येत नाही त्याला. तरी मी त्याच्या आतल्या आवाजावर पैसे लावेन, कारण त्याने हजारो फळं हाताळलीत आणि प्रत्येक वेळी फळ सोललं की बरोबर की चूक ते लगेच कळलंय. कानेमन आणि क्लाइन हे दोघं मानसशास्त्रज्ञ अंतःप्रेरणेच्या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध टोकाला होते, तरी २००९ मध्ये त्यांचं एवढ्यावर जमलं की जिथे गोष्टी नियमाने घडतात आणि फीडबॅक पटकन, स्पष्ट मिळतो तिथे अंतःप्रेरणा कमावता येते.

आता हाच व्यापारी मुलीसाठी स्थळ बघायला जातो आणि दहा मिनिटांत म्हणतो, "पोरगा चांगला आहे, मला आतून कळतं." भाऊ, किती जावई सोलून पाहिले तुम्ही?

भावना बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर सत्य नीट दिसेल का?

वाटतं तसं, पण उलटं होतं. काप्ग्रा नावाच्या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १९२३ मध्ये एका बाईबद्दल लिहिलं, तिची खात्री झाली होती की तिच्या घरच्यांच्या जागी हुबेहूब दिसणारे तोतये आणून ठेवलेत. पुढे असे बरेच पेशंट सापडले. डोळे शाबूत, चेहरा बरोबर ओळखतात, "दिसते अगदी माझ्या आईसारखी" म्हणतात, पण "ही माझी आई नाही." याचा मानला गेलेला खुलासा असा, की चेहरा ओळखण्याचा रस्ता चालू असतो पण ओळखीच्या चेहऱ्याने आत जी ऊब उठते ती उठतच नाही, आणि मेंदू त्या कोऱ्या जागेचा अर्थ लावतो, की ही दुसरीच कोणी. एका पेशंटला तर आई समोर आली की तोतया वाटायची आणि फोनवर बोलली की आईच वाटायची, कारण आवाजाचा रस्ता वेगळा!

मला तर वाटतं या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. आईला आई म्हणून पाहण्यात भावना आधीपासून मिसळलेली असते, ती काढून घेतली तर शुद्ध सत्य उरत नाही, अनोळखी बाई उरते.

आणि हे वाचून कोणाला घरातलं माणूस आठवलं असेल, आवाज ऐकू येतात म्हणतं, घरचे बदललेत म्हणतं, तर त्याच्याशी वाद घालून त्याला खोटं पाडू नका, अंगारेधुपारे करू नका, डॉक्टरकडे न्या. टेली मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

टेकडी गणपतीला गेलं की एकदम शांत वाटतं. हा देव असल्याचा पुरावा नाही का?

शांत वाटतं याचा पुरावा नक्की आहे, आणि ते काही कमी नाही. समोर स्टेशनचा गोंगाट चालू असताना आत गेल्यावर खांदे सैल होतात हे मीही अनुभवलंय. पण ताजबागेत जाणाऱ्यालाही तसंच वाटतं, दीक्षाभूमीच्या स्तूपात बसणाऱ्यालाही तसंच, आणि तिघं कोणावर भरोसा ठेवतात ते तिघांचं वेगळं. एका शांततेवरून तिन्ही निष्कर्ष काढता येत नाहीत.

ताजुद्दीनबाबांचंच पहा. काही वर्षं त्यांना नागपुरातच वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं, मग रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सन्मानाने आपल्याकडे आणलं, १९२५ ला ते गेले तेव्हा लोकांच्या लेखी ते अवलिया होते. माणूस तोच, वागणं तेच, पाहणारे डोळेही नागपूरकरांचेच. कोणाला वेड दिसलं, कोणाला संतत्व. इथे डोळ्यांनी निकाल लागत नाही, तुम्ही काय घेऊन पाहायला गेला होता त्याने लागतो.

हल्ली व्हिडिओच खोटे येऊन राहिले. चक्षुर्वै सत्यम् संपलं का?

डोळा अजूनही पडद्यावर जे आहे तेच दाखवतो, तो बिघडलेला नाही. पडद्यावरचं पाहणं हे मुळात स्वतःचं पाहणं नाहीच, ते दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं आहे. आपल्या जुन्या लोकांनी शब्द हे वेगळं प्रमाण मानलं आणि अट घातली की सांगणारा आप्त हवा, म्हणजे जाणणारा आणि खोटं न बोलणारा. काकांनी चौथ्या ग्रुपवरून उचललेला व्हिडिओ त्यात बसत नाही, काका कितीही सज्जन असले तरी.

नवऱ्यावर संशय येतो. पुरावा काही नाही, पण मन सांगतं. मनाचं ऐकू का?

हा प्रश्न कट्ट्यावर कोणी उघड विचारत नाही, नंतर बाजूला घेऊन विचारतात, आणि बायकांइतकेच पुरुषही विचारतात. मन चिंती ते वैरी न चिंती हे खरं, पण मनाला कधीकधी काही आधी कळतं हेही खरं, बदललेला आवाज, चुकवलेली नजर, या गोष्टी आपण मोजत नसतो तरी नोंदल्या जातात. म्हणून मनाला गप्प करू नका आणि न्यायाधीशही करू नका. एका कागदावर फक्त पाहिलेलं, ऐकलेलं लिहा, "फोन उलटा ठेवतो", "मंगळवारी उशिरा आला", एवढंच. "तिच्याकडे गेला असेल" हे दुसऱ्या कागदावर. पहिला कागद रिकामा राहिला तर स्वतःच्या झोपेकडे आणि जुन्या जखमांकडे पहा, दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. भरला तर दुसरा कागद फाडा आणि पहिला घेऊन सरळ त्यालाच विचारा, फोन चोरून तपासण्याआधी.